पासपोर्ट खिशात की लॉकरमध्ये?

क्रूझवरून बंदरात उतरताना सगळ्यांनाच पडणारा प्रश्न. एका शब्दात उत्तर नाही, पण उत्तर आहे!

‘या वर्षी गोवा नाही बॉस, क्रूझ!’ हल्ली ऑफिसच्या कॅण्टीनमध्ये दर दोन महिन्यांनी कुणीतरी ही घोषणा करतंच. क्रूझ म्हणजे रिटायर झालेल्या गोऱ्या आजी-आजोबांचं काम, हा समज कधीच मोडीत निघालाय. दोन-तीन दिवसांची रजा टाकायची, वीकेण्ड जोडायचा, विमानानं सिंगापूर गाठायचं आणि तिथून तीन-चार रात्रींचं जहाज पकडायचं. मध्ये पेनांग किंवा फुकेतला दिवसभर उतरायचं, मनसोक्त भटकायचं आणि संध्याकाळी परत बुफेवर हजर! सुट्टी कमी, फोटो जास्त. आणखी काय हवं?

या ट्रिपचं प्लॅनिंगही आपण ऑफिसच्या सवयीनं एक्सेल शीटमध्ये करतो. विमानाचं भाडं, कॅबिन, व्हिसा, ड्रिंक्स पॅकेज, शॉपिंगचं बजेट, सगळ्याला एकेक कॉलम. पण एका प्रश्नाचा कॉलम या शीटमध्ये सहसा नसतोच. जहाज बंदरात लागल्यावर खाली उतरताना पासपोर्ट कुठे ठेवायचा? बरोबर घ्यायचा, की कॅबिनमधल्या लॉकरमध्ये ठेवून जायचं?

मी आतापर्यंत तीन क्रूझ केल्यात. दोन सिंगापूरहून, एक भूमध्य समुद्रात. तिन्ही वेळा खाली उतरण्याच्या रांगेत हा वाद ऐकलाय. आणि आपली माणसं आता सगळीकडे असल्यामुळे अस्सल मराठीत ऐकलाय. ‘अहो, घेतलात ना बरोबर?’ ‘अगं, लॉकरमध्ये आहे, काळजी करू नकोस.’ ‘लॉकरमध्ये? आणि कुणी विचारलं म्हणजे?’ एवढ्यात मागून कुणीतरी सांगतं, ‘मी तर बाबा पोटाला बांधलाय!’

थोडक्यात, जगात दोन पक्ष आहेत. एक पाउचवाले, दुसरे लॉकरवाले. पाउचवाल्यांचं म्हणणं असं की, परक्या देशात पासपोर्टशिवाय फिरायचंच नाही. उद्या जहाज आपल्याला सोडून गेलं तर? लॉकरवाले म्हणतात, गर्दीत पासपोर्ट मारला गेला तर? गंमत म्हणजे दोघांचंही बरोबर आहे. फक्त दोघं दोन वेगवेगळ्या संकटांची तयारी करताहेत. त्यामुळे ‘घ्यावा की नाही’ असं विचारण्यापेक्षा ‘आज, या बंदरात, यातलं कोणतं संकट जास्त शक्य आहे आणि कोणतं जास्त महाग पडेल’ असं विचारावं. मग गुंता बराच सुटतो.

आधी कार्डाचं बघू

क्रूझवर चेक-इन केलं की क्रेडिट कार्डाच्या आकाराचं एक कार्ड मिळतं. हीच तुमच्या कॅबिनची चावी, हेच तुमचं पाकीट आणि हेच तुमचं जहाजावरचं ओळखपत्र. उतरताना गँगवेवर, म्हणजे जहाजातून धक्क्यावर जायच्या शिडीपाशी, हे कार्ड मशीनला लावतात. सिक्युरिटीवाल्याच्या स्क्रीनवर तुमचा फोटो येतो. परत येताना पुन्हा तेच. त्यामुळे खाली किती जण गेलेत आणि त्यातले किती परत आलेत, हे जहाजाला दर क्षणी माहीत असतं.

ही कडक शिस्त न्यूयॉर्कवरच्या २००१ च्या हल्ल्यानंतर आली. जहाजं आणि बंदरं यांच्या सुरक्षेची आंतरराष्ट्रीय नियमावली १ जुलै २००४ पासून लागू झाली आणि बंदरांच्या गेटवरही ओळख तपासणं सुरू झालं.

म्हणजे जहाजावर परत चढायला बहुतेक ठिकाणी कार्ड पुरतं. पण बंदराच्या गेटवरचा पहारेकरी ‘फोटो आयडी’ मागू शकतो. अशा वेळी ड्रायव्हिंग लायसन्स कामाला येतं. परदेशातल्या इमिग्रेशनच्या दृष्टीनं त्याची किंमत शून्य, हे खरं. पण कार्डावरचं नाव आणि समोरचा चेहरा जुळवायचा असेल, तर इंग्रजीत नाव असलेलं, फोटोवालं सरकारी कार्ड चालून जातं.

मुळात तो तुमच्याकडे आहे का?

पहिल्यांदा क्रूझवर जाणाऱ्यांना हे माहीतच नसतं. कित्येकदा पासपोर्ट खिशात ठेवायचा की लॉकरमध्ये, हा निर्णय तुमच्या हातात नसतोच! काही जहाजं चेक-इनलाच पासपोर्ट गोळा करतात आणि हातात पावती किंवा झेरॉक्स ठेवतात. पुढच्या बंदरातल्या इमिग्रेशनला सगळ्या प्रवाशांची यादी द्यावी लागते, पासपोर्ट एकगठ्ठा दाखवावे लागतात. तीन हजार माणसांना रांगेत उभं करण्यापेक्षा तीन हजार पुस्तिका पेटीत ठेवणं सोपं. ही पेटी पर्सरच्या, म्हणजे जहाजाचा हिशेब आणि कागदपत्रं सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याच्या ताब्यात असते.

माझ्या पहिल्या क्रूझवर आमच्यापुढे उभे असलेले एक काका या काउंटरवर अडूनच बसले होते. ‘आमच्या एजंटनं बजावलंय, पासपोर्ट कुणाच्याही हातात द्यायचा नाही!’ काउंटरवरची मुलगी हसून समजावतेय, मागे रांग वाढतेय, काकू शरमेनं लाल! शेवटी काकांनी पावतीवरचा प्रत्येक शब्द वाचला, तिचा फोटो काढला आणि मगच पासपोर्ट सोडला. सगळे हसत होते, पण खरं सांगू? काकांनी जे केलं ते अगदी योग्य होतं. एजंटनं नियम अर्धाच सांगितला होता. जहाजाच्या अधिकृत काउंटरवर पासपोर्ट द्यावा लागतो. मात्र देताना पावती घ्यावी आणि परत कधी, कुठे मिळणार ते विचारून ठेवावं.

उलटही घडतं. एखाद्या बंदरात इमिग्रेशनचे अधिकारी प्रत्येक प्रवाशाला समोर बोलावतात. मग आदल्या दिवशी जहाजाकडून सूचना येते की, उद्या उतरताना पासपोर्ट बरोबर हवा. ही सूचना रोज रात्री कॅबिनमध्ये येणाऱ्या पत्रकात किंवा जहाजाच्या अॅपवर असते. त्यावर शोच्या वेळा आणि डिनरचा मेन्यू बघून आपण ते बाजूला टाकतो. टाकू नका. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच छापलेलं असतं. जहाज म्हणालं ‘घ्या’, तर घ्यायचा. विषय संपला. पुढचं सगळं ज्या दिवशी निर्णय तुमच्यावर सोडलेला असतो, त्या दिवसासाठी.

संकट नंबर एक: हरवला तर?

समजा फुकेतला पासपोर्ट गेला. चोरीला म्हणा, टॅक्सीत राहिला म्हणा. पहिलं काम पोलिसांत तक्रार. त्याची प्रत घेऊन भारतीय दूतावास. दूतावास बँकॉकमध्ये, तुम्ही बेटावर, आणि जहाज संध्याकाळी निघणार. दूतावास तुम्हाला इमर्जन्सी सर्टिफिकेट देऊ शकतो. पण या कागदाचं एक वैशिष्ट्य नीट समजून घ्या. तो एकाच बाजूच्या प्रवासाचा असतो आणि तो प्रवास फक्त भारताकडे. त्यावर तुम्ही सिंगापूरला जाऊन जहाज पकडू शकत नाही, उरलेली ट्रिप करू शकत नाही. शिवाय ज्या देशात अडकलात, तिथल्या इमिग्रेशनकडून बाहेर पडण्याची परवानगी वेगळी घ्यावी लागते. म्हणजे ट्रिपला तिथेच पूर्णविराम.

घरी आल्यावर पुढचा अंक. ३६ पानी पासपोर्टची एरवीची फी १५०० रुपये. हरवलेल्याच्या बदली नवा काढायचा तर ३०००, तत्काळ हवा तर वर आणखी २०००. पैशांपेक्षा व्हिसाचं दुखणं मोठं. सिंगापूरचा ई-व्हिसा पासपोर्टच्या नंबराशी जोडलेला असतो, शेंगेनचा व्हिसा पानावर चिकटवलेला. पासपोर्ट गेला की तेही गेले. आणि हरवल्याची नोंद झाली की जुना पासपोर्ट रद्द होतो. दोन दिवसांनी तो हॉटेलच्या सोफ्याखाली सापडला, तरी त्यावर प्रवास करता येत नाही!

आता आपल्या घरोघरची एक खास सवय. सगळ्या कुटुंबाचे पासपोर्ट एकाच पाउचमध्ये आणि पाउच बाबांच्या पोटावर. आई, बाबा, दादा, वहिनी, छोटी, सगळे एकत्र, ‘म्हणजे हरवायला नकोत’. बाबांचं प्रेम समजू शकतं, पण हिशेब उलटा आहे. एक पाउच गेलं की पाचही जण अडकले. त्याऐवजी पासपोर्ट वेगवेगळ्या ठिकाणी असतील, तर एकावर प्रसंग आला तरी बाकीचे धावपळ करायला मोकळे राहतात. ऑफिसमध्ये आपण डेटाचा बॅकअप दुसऱ्या सर्व्हरवर ठेवतो ना? तोच फंडा.

पाण्याचंही लक्षात ठेवा. फी फॉर्मवर ‘हरवलेला’ आणि ‘खराब झालेला’ हे दोन्ही एकाच ओळीत येतात. फुकेतहून फी फी बेटांकडे स्पीडबोटनं जाताना माणसं नखशिखान्त भिजतात. समुद्राचं खारं पाणी पासपोर्टच्या पानांत शिरलं, फोटोचं पान फुगलं, तर विमानतळावरचा अधिकारी तो नाकारू शकतो. बीचवर लोळायचंय, पाण्यात उतरायचंय, तर पासपोर्ट वाळूतल्या बॅगेत कशाला?

संकट नंबर दोन: जहाज सुटलं तर?

पाउचवाल्यांची ही भीती खोटी नाही. मार्च २०२४ मध्ये नॉर्वेजियन डॉन या जहाजानं आफ्रिकेच्या पश्चिमेकडच्या साओ टोमे बेटावर आठ प्रवाशांना मागे सोडलं. सहा अमेरिकी, दोन ऑस्ट्रेलियन. जहाजाची अधिकृत सहल न घेता ते स्थानिक सहलीला गेले होते आणि वेळेत परतले नाहीत. तटरक्षक दलाच्या बोटीनं ते नांगरलेल्या जहाजापर्यंत पोचलेही, पण त्यांना वर घेतलं गेलं नाही. मग सुरू झाला पाठलाग. गाम्बियात जहाज गाठायचं ठरलं, तर भरती-ओहोटीमुळे जहाज तिथं धक्क्याला लागूच शकलं नाही. शेवटी सेनेगलच्या डकारमध्ये गाठ पडली. अनेक देश, विमानं, टॅक्स्या, फेरीबोटी, आणि सगळा खर्च आधी स्वतःच्या खिशातून!

या किश्शातला आपल्या कामाचा भाग पुढे आहे. त्यांच्याजवळ पासपोर्ट नव्हते का? कंपनीनं सांगितलं की, प्रवासी ठरलेल्या वेळेत परतले नाहीत म्हणून त्यांचे पासपोर्ट नेहमीच्या पद्धतीप्रमाणे बंदरातल्या एजंटकडे सोपवले होते. म्हणजे जहाज निघण्याआधी कोण परतलं नाही हे बघतं आणि त्याचा पासपोर्ट किनाऱ्यावर ठेवून जाण्याचा प्रयत्न करतं. जहाजाकडे दिलेल्या पासपोर्टच्या बाबतीत हे सोपं. कॅबिनच्या लॉकरमध्ये असेल, तर तो उघडणारी माणसं जहाजावर असतात, पण वेळ थोडा असतो आणि प्रत्येक जहाज तसं करेलच याची हमी नाही.

म्हणून जहाज सुटलं आणि पासपोर्ट मागे राहिला, तर त्यातून मार्ग निघण्याची बऱ्यापैकी शक्यता असते. पासपोर्ट चोरीला गेला, तर मार्ग एकच, घरचा! माझं मत ‘लॉकर’कडे झुकतं ते याचमुळे.

आणि हो, बंदर-एजंटचा फोन नंबर त्याच रात्रीच्या पत्रकात असतो. उतरण्याआधी त्याचा फोटो काढा. शिवाय तो कागदावर लिहून घ्या, कारण मोबाइलची बॅटरी नेमकी अशाच वेळी संपते.

घड्याळाची चलाखी

जहाज चुकतं ते बऱ्याचदा आळसामुळे नाही, घड्याळामुळे. सिंगापूर आणि मलेशियाची वेळ एकच आहे, पण थायलंड त्यांच्या एक तास मागे. तुमचं जहाज मात्र अनेकदा सिंगापूरच्या वेळेवरच चालत राहतं. फुकेतला पाय ठेवताच मोबाइल हुशारी करतो आणि आपोआप थाई वेळ दाखवू लागतो. ‘पाच वाजेपर्यंत परत’ अशी सूचना असते. मोबाइलमध्ये चार वाजलेत, तुम्ही निवांत नारळपाणी पिताय, आणि जहाजावर मात्र पाच वाजलेले असतात!

यावर साधा उपाय आहे. मनगटावर एक जुनं, बिनडोक घड्याळ बांधा, जहाजाच्या वेळेला लावा आणि त्याला हात लावू नका. किनाऱ्यावर कुणाचाही मोबाइल काहीही म्हणो, आपला बॉस तो काटा.

बंदर बघून ठरवा

आता मुद्द्याचं. मी बंदराचं नाव वाचल्यावर नकाशा उघडते आणि दोनच गोष्टी बघते. जहाजापासून मी किती लांब जाणार, आणि दिवसभर काय करणार.

पेनांगचं उदाहरण घ्या. जहाज जॉर्ज टाउनच्या स्वेटनहॅम पिअरला, म्हणजे अगदी गावाला चिकटून लागतं. बाहेर पडलं की थोडं चालल्यावर लिटल इंडिया. जुन्या पेठा, भिंतींवरची चित्रं, युनेस्कोनं २००८ मध्ये जागतिक वारसा ठरवलेल्या गल्ल्या. सगळं पायी, जहाजाच्या आसपास. इथे पासपोर्टची प्रत, कार्ड आणि लायसन्स पुरे, मूळ पासपोर्ट लॉकरमध्ये. जहाज सुटायची भीती जवळपास नाही, गर्दीत पाकीट जायची मात्र आहे.

फुकेतला काही जहाजं पटाँगच्या समोर नांगर टाकतात आणि माणसं छोट्या बोटींतून किनाऱ्यावर जातात. त्यांना टेंडर म्हणतात. आपल्या आजोबांच्या काळात कोकण बोटीतून हर्णैला उतरताना पडावात बसायचे, तसंच. या बोटींना रांगा लागतात. परतीच्या बोटीसाठी तासभर जास्तीचा हातात ठेवा. दिवस बीचवर किंवा स्पीडबोटीत जाणार असेल, तर पासपोर्ट नको.

युरोपात चित्र बदलतं. जहाजाच्या वेळापत्रकात ‘रोम’ छापलेलं असतं, पण जहाज लागतं चिवितावेकियाला. तिथून रोम सत्तर-ऐंशी किलोमीटर, ट्रेननं तासाभराचा प्रवास. ‘फ्लोरेन्स’ म्हणजे लिव्होर्नो बंदर, पुन्हा तेवढीच मजल. त्यातच इटलीत रेल्वेचे संप अधूनमधून होतात. इथे जहाज चुकण्याचा धोका खराखुरा आहे. जहाजाची अधिकृत सहल घेतलीत, तर उशीर झाल्यास जहाज थांबतं किंवा तुम्हाला पुढच्या बंदरापर्यंत पोचवण्याची जबाबदारी घेतं. स्वतःच्या जोरावर गेलात, तर तुम्ही आणि तुमचं नशीब. म्हणून लांबची, स्वतः आखलेली सहल असेल आणि पासपोर्ट आपल्याकडेच असेल, तर मी तो बरोबर घेते. पर्समध्ये नाही, पाठीवरच्या सॅकमध्ये तर मुळीच नाही. कपड्यांच्या आत, चपट्या पाउचमध्ये. रोमची मेट्रो आणि बार्सिलोनाचा रांबला रस्ता खिसेकापूंसाठी जगप्रसिद्ध आहे. त्यामुळे तो पाउच जहाज दिसेपर्यंत उघडायचा नाही.

जपानचा कायदा आणखी वेगळा. तिथे परदेशी पर्यटकानं मूळ पासपोर्ट सतत जवळ बाळगणं बंधनकारक आहे, नसेल तर १ लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो. क्रूझच्या प्रवाशांना बंदरात उतरण्याची वेगळी परवानगी देण्याची पद्धत जपाननं २०१५ मध्ये सुरू केली. ती परवानगीची चिठ्ठी मिळाली असेल, तर ती दिवसभर जिवापाड जपायची. इथे माझं मत, तुमचं मत असला प्रकारच नाही. तिथला अधिकारी आणि जहाज सांगेल ते फायनल.

आणि आपल्या मुंबई-गोवा-लक्षद्वीपच्या देशी क्रूझवर? भारतातल्या भारतात भारतीय नागरिकाला पासपोर्ट लागत नाही. सरकारी फोटो ओळखपत्र न्या आणि मजा करा.

अमेरिकन सल्ला, मराठी माणूस

इंग्रजी पुस्तकं वाचून बऱ्याच जणांना वाटतं की, ‘लॉकरमध्ये ठेवा’ हा सगळ्या जगाला लागू होणारा नियम आहे. हा सल्ला मुळात कुणासाठी लिहिलाय ते बघा. अमेरिकेच्या एकाच बंदरातून निघून तिथेच परतणाऱ्या क्रूझवर अमेरिकी नागरिक जन्मदाखला आणि सरकारी फोटो ओळखपत्र एवढ्यावरही जाऊ शकतो. त्याच्यासाठी पासपोर्ट ही सोय आहे.

एडिसनमध्ये राहणाऱ्या, एच-१बीवर काम करणाऱ्या माझ्या मावसभावासाठी मात्र गोष्ट वेगळी. न्यू जर्सीतल्याच बेयोनहून कॅरिबियनकडे जहाजं सुटतात, लाँग वीकेण्डला अख्खा मराठी ग्रुप निघतो. यांचा पासपोर्ट कुठल्यातरी बेटावर चोरीला गेला, तर व्हिसाही त्याबरोबर गेला. इमर्जन्सी सर्टिफिकेट काय करणार? भारतात पाठवणार! नोकरी, भाड्याचं घर, कर्जावरची गाडी, मुलीची शाळा, सगळं एडिसनला आणि हा पठ्ठ्या पुण्याला, नवा पासपोर्ट आणि मग नव्या व्हिसाची अपॉइंटमेंट यांची वाट बघत.

मी त्याला विचारलं, ‘मग तू काय करतोस रे?’ तो म्हणाला, ‘ताई, बीचवर जायचं असेल तर पासपोर्ट जहाजावर. आणि फिरायचं असेल तर जहाजाचीच सहल. पन्नास डॉलर जास्त जातात, पण रात्री झोप लागते.’

मला त्याचं उत्तर पटलं. पासपोर्टच्या जोखमीतला मोठा भाग त्या दिवशी आपण कोणती सहल निवडतो, त्यावर ठरतो.

डिपॉझिट म्हणून? चुकूनही नाही!

पासपोर्ट बरोबर असण्याचा आणखी एक तोटा. तो असला की कुणीतरी मागतं. बीचवर स्कूटर भाड्यानं घ्यायची, जेट-स्की चालवायची, तर दुकानदार हसत म्हणतो, ‘पासपोर्ट ठेवा, परत आल्यावर न्या.’ परत आल्यावर गाडीवरचा एक ओरखडा दाखवून तो वाट्टेल ती रक्कम मागू शकतो. तुमचं जहाज तासाभरात सुटणार आणि पासपोर्ट त्याच्या ड्रॉवरमध्ये. घासाघीस कोण जिंकणार, सांगायला नको!

पासपोर्ट अशा रीतीनं गहाण ठेवायची वस्तू नाहीच. १९६७ च्या पासपोर्ट कायद्याच्या कलम १७ नुसार तो कायम केंद्र सरकारच्या मालकीचा असतो. आपण फक्त तो बाळगणारे. ‘पासपोर्ट जहाजावर आहे’ हे वाक्य अशा वेळी फार उपयोगी पडतं. रोख डिपॉझिट किंवा झेरॉक्सवर काम भागत असेल तर ठीक, नाहीतर पुढचं दुकान.

सिमकार्ड घेताना किंवा पैसे बदलताना पासपोर्ट दाखवावा लागू शकतो, हे खरं. त्यासाठी ही दोन्ही कामं सिंगापूरच्या विमानतळावरच उरकून टाका, म्हणजे बंदरात ती वेळच येत नाही.

निघण्याआधी, एवढं कराच

• आदल्या रात्रीचं पत्रक वाचा. पासपोर्टविषयी सूचना आहे का, जहाजावर परतायची वेळ काय आणि घड्याळ कोणतं, या तीन गोष्टी शोधा.

• पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाच्या दोन रंगीत प्रती काढा. एक खिशात, एक कॅबिनमध्ये. व्हिसाचा प्रिंटही जोडा. फोटो मोबाइलमध्ये असू द्या आणि स्वतःला ईमेल करून ठेवा.

• उतरताना जवळ जहाजाचं कार्ड, लायसन्स, प्रत, थोडी रोख आणि एक बँक कार्ड. दुसरं बँक कार्ड लॉकरमध्ये. रोजची गोळी असेल तर दोन दिवसांची बरोबर घ्या.

• बंदर-एजंट आणि त्या देशातला भारतीय दूतावास, दोन्ही नंबर कागदावर.

• चालत जायच्या अंतरावर किंवा बीचवर असाल, तर पासपोर्ट लॉकरमध्ये. लांब, स्वतः आखलेल्या सहलीला, कपड्यांच्या आत. जहाजानं किंवा देशानं सांगितलं असेल, तर वाद न घालता बरोबर.

• लॉकरचा नंबर कॅबिनमधल्या दुसऱ्या माणसालाही सांगा. एकालाच माहीत असेल आणि नेमका तोच बंदरात अडकला, तर पंचाईत.

• ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये पासपोर्ट हरवल्यावरचा खर्च मिळतो का, ते बुक करतानाच वाचा. तो मिळवायला पोलिसांच्या तक्रारीची प्रत सहसा लागतेच.

• व्हिसाचे नियम बुकिंगच्या वेळी आणि निघण्याच्या आठवड्यात, असे दोनदा तपासा. मलेशियानं १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना व्हिसातून सूट दिली, तसे नियम बदलतात आणि उलटेही फिरू शकतात. सिंगापूरहून निघून सिंगापूरलाच परतणार असाल, तर तिथला व्हिसा एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा आहे ना, हेही बघून घ्या.

• शेवटच्या सकाळी बॅगा बंद करण्याआधी लॉकर उघडून आत हात घालून बघा. चार दिवस इतका नीट सांभाळलेला पासपोर्ट तिथेच विसरून उतरणारेही असतात!